टरफलाची आतली बाजू

भुईमूग पेरून शंभर दिवस झाले की तात्यांच्या ओसरीवर माती सांडायला सुरुवात व्हायची. कोणी ना कोणी मुळासकट उपटलेलं झाड हातात धरून यायचा, पायरीशी चपला काढायचा आणि ओसरीच्या कडेला टेकून झाड पुढे करायचा. तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, मधलं आणलंस की बांधावरचं? बांधावरचं असलं तर ते हातही लावत नसत. बांधाकडच्या झाडाला ऊन-वारा जास्त, ते आधी पिकतं आणि माणसाला फसवतं. मधलं असलं तर त्याच्या दहा शेंगा तोडायच्या, अंगठ्याने फोडायच्या, दाणे बाजूला सारायचे आणि टरफलं आतली बाजू वर करून फरशीवर रांगेने मांडायची. कोवळ्या शेंगेचं टरफल आतून पांढरं असतं, जून झालेल्या शेंगेचं तपकिरी होतं आणि मग काळं पडतं. दहात सात काळी निघाली की तात्या म्हणायचे, "बाया सांग." म्हणजे मजूर बाया लाव, उपटायला घे.

हे तीस वर्षं चाललं होतं. गावातले लोक म्हणत, लग्न आईबापाला विचारून करावं आणि भुईमूग तात्यांना विचारून काढावा. त्यातलं चुकलं तर लग्नच चुकतं.

तात्यांना मुलगा नव्हता. धाकटी लेक लांब शहरात होती. थोरली चार घरं सोडून गावातच दिली होती, शिंप्याला. सगळं गाव तिला थोरलीच म्हणे. सकाळी स्वतःच्या घरचं आवरून ती बापाच्या शेतात यायची आणि दिवस कलला की परत जायची. जावई मशीनवर वाकलेला आणि लेक मातीत वाकलेली, त्या घरात ताठ कोण, असं किराणावाली गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणायची. शिंप्याचं यावर काही म्हणणं नव्हतं. त्याची तक्रार एवढीच, की बायको आली की शिवून ठेवलेले कपडे पुन्हा झटकावे लागतात.

यंदा पिकाने सगळ्यांची परीक्षा घेतली. ऐन फुलोऱ्यात पाऊस चोवीस दिवस गडप झाला. भुईमुगाचं फूल वर येतं, पण त्याच्या बुडातून एक सुई निघते, तिला आरी म्हणतात. ती खाली वाकून मातीत शिरते आणि तिथे शेंग धरते. यंदा आऱ्या निघाल्या तेव्हा माती विटेसारखी झाली होती. जेवढ्या शिरायच्या तेवढ्या आधीच शिरल्या, बाकीच्या हवेतच लोंबकळत राहिल्या. मग पाऊस आला. तात्यांनी आणि थोरलीने रिकामा पत्र्याचा पिंप दोरीला बांधून अख्ख्या एकरावरून फिरवला, म्हणजे झाडं दबतील आणि आऱ्या मातीला टेकतील. पिंप ओढून थोरलीच्या तळहातांना फोड आले. पीक दुसऱ्यांदा फुललं. आता एकेका झाडाला शेंगांच्या दोन पिढ्या होत्या, एक जून आणि एक पोरसवदा, आणि दोघींना एकाच दिवशी काढायचं होतं.

आणि हा एकर एकट्या तात्यांचा राहिला नव्हता. गेली तीन वर्षं विकतचं बियाणं दगा देत होतं. शंभर दाण्यांतले साठही वर येत नव्हते. तेव्हा बियाणे केंद्रातली एक बाई स्कूटरवरून गावोगाव हिंडून गट बांधत या गावात पोचली. भुईमूग, तूर, हरभरा, जे काही शेंगेत पिकतं त्याचं बी तुम्हीच धरा, मी शिकवते, असं तिचं म्हणणं. गावाने तिचं नाव बियाणंबाई ठेवलं. बावीस घरं गटात आली. तात्यांचा एकर बियाण्यासाठी ठरला आणि प्रत्येक घराने तिथे एकेक दिवस खुरपणी केली. पुढच्या हंगामात बावीस घरांच्या मातीत जाणार ते याच शेतातलं बी. म्हणून काढणीच्या दिवशी सगळ्यांनी यायचं आणि शेंग पक्की कशी ओळखायची ते तात्यांनी सगळ्यांना दाखवायचं, असं बियाणंबाईने ठरवून टाकलं. त्यासाठी तिने त्यांना एक जाड, गुळगुळीत कार्ड दिलं. त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत टरफलाच्या रंगांचे सात चौकोन ओळीने छापले होते, आणि खाली दहात सात काळी निघाली की काढा असं लिहिलं होतं.

तात्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि छान आहे म्हणाले. त्यांनी ते उलटं धरलं होतं. थोरलीला वाटलं, तात्या बाईची गंमत करताहेत.

एकशे चौथ्या दिवशी गवंडी आला. हा माणूस वर्षभर दुसऱ्यांच्या भिंती बांधायचा आणि स्वतःच्या अर्ध्या एकरात भुईमूग करायचा. त्याच्या झाडाच्या मुळांतून पाणी ठिबकत होतं. शेंगा धुतलेल्या भांड्यांसारख्या स्वच्छ. तात्यांनी दहा शेंगा फोडल्या, अंगठा टरफलाच्या आतून फिरवला, रांग लावली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, अजून आठ दिवस थांब.

थोरली दारात सूप घेऊन उभी होती. तिथूनही तिला दिसत होतं, दहातली नऊ टरफलं काळी होती.

तिने बापाकडे पाहिलं. तात्यांची मान टरफलांवर वाकलेली होती, पण नजर रांगेच्या थोडी पलीकडे, मोकळ्या फरशीवर टेकली होती. मग बरंच काही तिच्या मनात आपोआप जागेवर बसत गेलं. पेल्याच्या बाहेर सांडणारं पाणी. बांधावरून चालताना पाय टाकण्याआधी चाचपणारा अंगठा. समोरून आलेल्या माणसाने आवाज देईपर्यंत न बोलणं. हे सगळं तिने वयाच्या खात्यात टाकलं होतं.

परक्यादेखत बापाचा शब्द खाली पाडणं तिला जमलं नाही. ती आत गेली आणि पाखडलेलीच डाळ पुन्हा पाखडत बसली. पण आठ दिवस थांबला तर गवंड्याच्या शेंगा मातीतच राहणार होत्या. जून शेंगेची आरी कुजते, झाड ओढलं की नुसतं झाड हातात येतं. संध्याकाळी घरी जाताना ती वाट वाकडी करून त्याच्याकडे गेली. तात्यांनी निरोप दिलाय, म्हणाली, उद्याच काढा. मघाशी तर आठ दिवस म्हणाले, असं तो म्हणाला. त्यांनी टरफलं पुन्हा बघितली, ती म्हणाली. खोटं इतकं सरळ बाहेर आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर आणखी दोघे झाडं घेऊन आले. थोरली दोन्ही वेळेला दारात काहीतरी काम काढून उभी राहिली. एकाला तात्या म्हणाले, चार दिवस. तिने मोजली तर पाच काळी. दुसऱ्याला म्हणाले, बाया सांग. तिने मोजली तर आठ. दोन्ही बरोबर. आता तिला कळेना की तात्यांना दिसतं की दिसत नाही.

म्हणून तिने एक करू नये ते केलं. नवऱ्याच्या मशीनवरचं हिरव्या दोऱ्याचं रीळ पदराखाली आणलं, तात्यांचा पांढरा सदरा काढला आणि उसवलेली शिवण दाखवत विचारलं, हा रंग जाईल ना याला?

"जाईल की," तात्या म्हणाले. "न जायला काय झालं."

आई चुलीपाशी होती. तिने एकदा दोऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि फुंकणी उचलून जाळ नसलेल्या बाजूला फुंकत राहिली. आईला सगळं ठाऊक होतं, हे थोरलीला तेव्हा कळलं. तिने सदरा घरी नेला, पांढऱ्या दोऱ्याने शिवला आणि हिरवं रीळ मशीनवर परत ठेवलं.

गवंडी आठवड्याने आला तो डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊनच. असं पीक आपल्या बापजन्मात काढलं नव्हतं, असं सांगत त्याने गाठोडं ओसरीवर ठेवलं. आणि मग मोकळ्या मनाने म्हणाला, बरं झालं तुमचा निरोप वेळेवर आला. आठ दिवस थांबलो असतो तर आज घोरपडीसारखा माती उकरत बसलो असतो.

"कसला निरोप?" तात्यांनी विचारलं.

गवंड्याने सांगितलं. तात्यांनी मान डोलावली, हो हो म्हणाले, पीक कसं वाळत घातलंयस ते विचारलं, शेंगा वर आणि पाला खाली ठेव म्हणून बजावलं. गवंडी गेला. तात्यांनी गाठोडं सोडलं. एक शेंग काढली, कानाशी नेऊन हलवली, आणि परत आत टाकली.

पुढचे पाच दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. जे काय सांगायचं ते आईमार्फत. तिला सांग, खुरपं बोथट झालंय. तिला सांग, तुरीच्या ओळीत किडा दिसतोय का बघ म्हणावं. तीनजण एकाच अंगणात उभे असताना असा कारभार चालला. दुसऱ्या दिवशी आई वैतागली. म्हणाली, मी काय पोस्ट आहे का? पत्रं टाकायची तर तिकिटं लावून द्या. तात्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण बोलले नाहीत. संध्याकाळी ते कधी नव्हे ते जावयाच्या दुकानी जाऊन बसले. थोरलीने शिंप्याला विचारलं तर तो म्हणाला, असेच आले होते, मशीनचा आवाज ऐकत बसले.

एकशे अठराव्या दिवशी ऊन कोवळं असताना तात्या शेताकडे निघाले आणि पायरीवरून म्हणाले, "चल."

शेताच्या मधोमध दोघे बसले. पाला अजून हिरवा होता, खालची पानं ठिपके पडून पिवळी झाली होती. जमिनीला चांगला वाफसा होता, मूठ दाबली तर ढेकूळ धरत होतं आणि सोडलं तर मोडत होतं. तात्यांनी एक झाड बुडाशी धरलं, हळूच हिसका दिला. माती झटकून ते थोरलीपुढे ठेवलं.

"फोड दहा. किती काळी ते सांग."

इतकंच. ना राग, ना विचारपूस. थोरलीने शेंगा तोडल्या, फोडल्या, टरफलं मांडीवर मांडली. पहिल्या पिढीच्या शेंगा आतून कोळशासारख्या होत्या, दुसऱ्या पिढीच्या दुधासारख्या. सहा काळी, ती म्हणाली. आणखी दोन झाडं झाली. पुन्हा सहा. मग पाच.

कार्डाप्रमाणे अजून थांबायला हवं, ती म्हणाली. पाच-सहा दिवस.

झाड निघालं होतं त्या खळग्यात तात्यांनी हात घातला. बोटं मातीत अशी फिरायला लागली, जशी आई तांदळात खडे शोधते. एक शेंग वर आली. मग दुसरी. तिसरी. त्यांनी तिन्ही लेकीच्या तळहातावर ठेवल्या. तिने फोडल्या. तिन्ही काळ्या. टपोरे, गच्च भरलेले दाणे.

"या राहिल्या," तात्या म्हणाले. "झाडाबरोबर आल्याच नाहीत. झाड ओढताना मला हाताला कळलं. तटतट तुटत होत्या. पाच दिवस थांबलीस तर कोवळ्या पिकतील खऱ्या, पण या सगळ्या मातीत राहतील. बी कोणाचं धरायचंय आपल्याला?"

"जून शेंगांचं."

"मग?"

थोरलीने आणखी सात झाडं उपटली आणि प्रत्येक खळग्यात स्वतः हात घातला. दोन, तीन, दोन, चार. नखांत माती गेली. तात्या वर बघत नव्हते, तिच्या श्वासावरून मोजत असावेत. दहावं झाड झाल्यावर ती म्हणाली, उद्या काढायला हवं. परवा, ते म्हणाले, बावीस घरांना सांगायला एक दिवस लागेल.

मग ती गवंड्याचं बोलली. दोन आठवडे दडवून ठेवलेलं.

तात्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दोन वर्षांपासून रंग जातोय. आधी लाल आणि तपकिरी एक झालं, मग तपकिरी आणि काळं. तेव्हापासून अंगठ्याने बघतो. कोवळं टरफल आतून मऊ असतं, ओलसर, सायीवर बोट ठेवल्यासारखं लागतं. पक्कं असलं की गर आटतो आणि आत नुसता कोरडा कागद राहतो. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही.

"गवंड्याचं चुकलं," ती हळू म्हणाली.

"त्याला विचारून ये, झाड कुठे ठेवलं होतं." तात्यांच्या आवाजात पहिल्यांदा धार आली. "मी काल विचारलं. रात्रभर बादलीत. मला टवटवीत दिसावं म्हणून पाण्यात ठेवलं त्या शहाण्याने. भिजलेल्या टरफलाला अंगठा काय सांगणार? सगळी सायच लागली."

थोरलीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण तात्यांनी ऐकलं, आणि मग तेही हसले, खांदे हलवत, आवाज न करता. हसू ओसरल्यावर परवाचं तिथे येऊन बसलं. बावीस घरं येणार, बियाणंबाई येणार, आणि सात रंगांचं कार्ड तात्यांच्या हातात देणार.

मी तुमच्या शेजारी बसते, थोरली म्हणाली. तुम्ही फोडा, मी हळूच आकडा सांगते. कोणाला कळणार नाही.

"आणि पुढच्या वर्षी? वाट वाकडी करून घरोघर निरोप देत फिरणार?"

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले, मातीचा वास घेतला आणि म्हणाले, पाऊस तीन दिवस तरी नाही.

काढणीच्या दिवशी सकाळी शेतात जत्रा होती. प्रत्येक घरातून एक-दोन माणसं आली होती. बाया कमरेला पदर खोचून ओळी धरून बसल्या. झाड बुडाशी धरायचं, हिसका, माती झटक, उलटं ठेव, पुढे सरक. मागून बाप्ये खुरप्याने खळगे उकरून राहिलेल्या शेंगा पाटीत गोळा करत होते. कंबरा भरून आल्या तशा जिभा सुटल्या. किराणावाली नेहमी गल्ल्यामागे बसून असायची, ती चौथ्या ओळीतच उताणी पडली आणि आभाळाला म्हणाली, देवा, दुकानातल्या खुर्चीला आता मी कधी नावं ठेवणार नाही. शिंपीही आला होता. तो एकेक झाड असं हलक्या हाताने उचलायचा, जसं काही त्याचं माप घ्यायचंय. गवंड्याने त्याला सांगितलं, भाऊ, काज-बटण नको करू, नुसतं ओढ.

ऊन चढायच्या आत बियाणंबाईने सगळ्यांना बांधावरच्या सावलीत बोलावलं. मधोमध ताडपत्री, ताडपत्रीवर ढीगभर ताजी झाडं. पिशवीतून तसलंच दुसरं कार्ड काढून तिने तात्यांपुढे धरलं आणि म्हणाली, आता तात्या आपल्याला रंग ओळखायला शिकवतील.

थोरली बापाच्या डाव्या हाताला बसली होती. तिने अंग थोडं पुढे घेतलं, म्हणजे गरज पडली तर कानाशी जाता येईल.

तात्यांनी कार्ड घेतलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे थोरली सांगेल," ते म्हणाले. "मला रंग दिसत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही सगळे दिसता, पण पावडर लावल्यासारखे."

लांब कुठे तरी एक बैल फुरफुरला. बियाणंबाईने उघडलेलं पेन तसंच हातात धरलं होतं. मग गवंडी म्हणाला, म्हणजे आम्ही गोरे दिसतो म्हणा, आणि चार-दोन जण हसले. पण किराणावाली हसली नाही. ती उठून बसली. तिचा दोन एकर भुईमूग होता आणि दोन्ही वर्षं तिने तात्यांना विचारून काढला होता.

"मग दोन वर्षं आम्ही कोणाच्या भरवशावर काढतोय?" तिने विचारलं.

"याच्या," तात्या म्हणाले आणि अंगठा वर केला. मातीने काळा, टोकाला चपटा झालेला अंगठा. "चुकलं का तुझं?"

ती विचारात पडली. नाही, म्हणाली.

"कोणाचं चुकलं?"

गवंड्याने शाळेतल्यासारखा हात वर केला. माझं चुकणार होतं.

"ते तुझ्या बादलीने चुकवलं होतं," तात्या म्हणाले. "वाचवलं हिने. मला न सांगता वाचवलं, पण वाचवलं." त्यांनी डावा हात थोरलीच्या डोक्यावर ठेवला, तो नेमका डोक्यावर न पडता कानावर पडला, आणि तसाच राहिला. "रंगात ही माझ्यापेक्षा सरस. दुरून दारात उभी राहून मोजते. पण नुसत्या रंगावर गेलो असतो तर आजची काढणी झालीच नसती. आज दहात सहाच काळी आहेत, कार्ड म्हणतं थांबा. आरी म्हणत होती, आज नाही काढलंत तर मी सोडते. म्हणून दोन्ही शिकायचं. डोळे तुमच्याकडे आहेतच. ते मिटा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"मिटा. मी बघणार नाही, पण मला कळतं."

बियाणंबाईने डोळ्यांचं विचारलंच. मोतीबिंदू असेल तर काढता येतो, म्हणाली, साधी गोष्ट आहे. तात्या म्हणाले, काढायचाय. पण नंतर महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून सुगीनंतरची तारीख घेतली. जावयाने घेतली. थोरलीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. शिंप्याने सगळ्यांच्या आधी आज्ञाधारकपणे डोळे मिटून घेतले होते.

मग सगळ्यांनीच मिटले. तात्या गुडघ्यावर सरकत एकेकाच्या पुढे गेले, हातात शेंग दिली, फोडायला सांगितली, अंगठा धरून टरफलाच्या आत फिरवला. काय लागतं? मऊ. आता ही? ही कोरडी. मग ही कुठली? कोणी चुकलं की ते दुसरी शेंग द्यायचे. किराणावालीने पाचच्या पाच ओळखल्या, तेव्हा तात्या म्हणाले, तराजूचा हात आहे, वजन कळणारच. ती डोळे मिटूनच लाजली. थोरली मागोमाग टरफलं घेऊन कार्डाशी लावत होती आणि रंग सांगत होती. बियाणंबाई लिहीत होती. थोड्या वेळाने तिनेही वही बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि हात पुढे केला.

एवढ्यात आई डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन बांधावरून आली आणि जागच्या जागी थबकली. झाडाखाली चाळीसेक माणसं डोळे मिटून बसलेली, आणि त्यांच्यात एकटा तिचा नवरा रांगत फिरतोय.

"यांना काय झालं?" तिने विचारलं.

शिकताहेत, थोरली म्हणाली.

आईने पाटी खाली उतरवली. मानेवरचा घाम पुसत तिने सगळ्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाली, शिकून झालं की डोळे उघडायला सांग, कालवण निवतंय.

सगळे जेवायला वळले. हात धुण्याची गडबड सुरू झाली, पाण्याची कळशी इकडून तिकडे गेली. तात्या मात्र ताडपत्रीवरच बसून होते. थोरलीने चला म्हटलं तर म्हणाले, तू राहिलीस.

मला रंग येतो, ती म्हणाली.

"मिट."

तिने मिटले. पापण्यांच्या आत ऊन लाल दिसत होतं. तात्यांनी तिच्या हातात एक शेंग दिली, ती तिने फोडली. मग त्यांची खरखरीत बोटं तिच्या अंगठ्याभोवती आली आणि तो टरफलाच्या आत नेऊन टेकवला. तिला आधी काहीच कळलं नाही. नुसतं टरफल. त्यांनी अंगठा जरा दाबला, पुढे सरकवला, मागे आणला. घाई केली नाही. पलीकडे कोणीतरी जेवायला हाका मारत होतं, पण दोघांनीही ओ दिली नाही.

"कोरडं आहे," शेवटी ती म्हणाली. "कागदासारखं."

"मग?"

"बाया सांगा."

"बघ डोळे उघडून," तात्या म्हणाले. "आणि मला सांग, काळं आहे का."